घडण, घट आणि घडणावळ: हस्तघडित दागिन्यांच्या कुटुंबव्यवसायाचे विवेचन

१. संज्ञानिश्चिती

सोन्याचांदीचे दागिने घरात घडवून विकणाऱ्या कुटुंबाच्या व्यवसायाचा विचार करताना प्रथम चार संज्ञांचे अर्थ निश्चित केले पाहिजेत. पेढीवर या संज्ञा रोज उच्चारल्या जातात. पण घेणारा त्यांचा एक अर्थ धरतो आणि देणारा दुसरा, व पुढचे बहुतेक वाद या अर्थभेदातून उद्भवतात.

द्रव्य म्हणजे ज्याचा दागिना होतो तो पदार्थ: सोने, चांदी, तांबे, मोती, खडा, लाख, रेशीम. घडण म्हणजे द्रव्याला दागिन्याचे रूप देणारी क्रिया. त्या क्रियेचा दागिन्यात स्थिर झालेला परिणामही याच शब्दाने ओळखला जातो. ‘या पाटल्यांची घडण जुनी आहे’ असे म्हणताना हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. घट म्हणजे घडणीच्या ओघात द्रव्याच्या वजनात पडणारी तूट. घडणावळ म्हणजे घडणीचा मोबदला. यांपैकी द्रव्य आणि घट तराजूवर मोजता येतात. घडण तराजूवर मोजता येत नाही. घडणावळ रुपयांत मोजली जाते, परंतु ती कशावरून मोजावी हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्या प्रश्नाचे आहे.

‘हस्तघडित’ या विशेषणाचाही अर्थ ठरवावा लागेल. साधन न वापरता केलेला तो हस्तघडित, असे म्हणता येणार नाही. ऐरण, जंतर, कानस, ठसा ही सर्व साधनेच आहेत. कोल्हापुरी साजातली पाने ठशावर उठवली जातात म्हणून साज यांत्रिक ठरत नाही. भेदाचे खरे लक्षण निर्णयाच्या स्थानी आहे. यांत्रिक उत्पादनात आकाराचे निर्णय साचा तयार होताना एकदा घेतले जातात आणि पुढचे हजार नग त्या निर्णयाची पुनरावृत्ती असतात. हस्तघडित दागिन्यात प्रत्येक नगावर नवे निर्णय घ्यावे लागतात: आच किती द्यावी, पत्रा कुठे थांबवावा, सांधा कोणत्या क्रमाने झाळावा. जिथे हे निर्णय नगागणिक घेतले जातात, तिथे साधन कितीही सुधारलेले असले तरी घडण हाताची आहे.

कुटुंबव्यवसायाची लक्षणे तीन. (१) निवासाची आणि कामाची जागा एक किंवा लगतची असते. (२) श्रम प्रामुख्याने घरातल्या माणसांचे असतात. (३) व्यवसायाचे भांडवल आणि घराचा खर्च एकाच तिजोरीतून चालतो. पहिली दोन लक्षणे बाहेरून दिसतात. तिसरे दिसत नाही, पण हा व्यवसाय टिकतो की बुडतो हे प्रायः त्यावरच ठरते.

या व्याख्यांवरून एक विधान मांडता येते. कुटुंबाने स्वतः निर्माण केलेली वस्तू घडण एवढीच आहे. द्रव्य बाजारातून येते आणि ग्राहकाकडे जाते. कुटुंबाच्या हातून ते केवळ वाहते. तरीही घडणीचा मोबदला परंपरेने द्रव्याच्या वजनावरून ठरत आला आहे. या विसंगतीचे परिणाम पुढे क्रमाने पाहू.

२. द्रव्यानुसार भेद

द्रव्याच्या दृष्टीने या व्यवसायाचे दोन मुख्य प्रकार होतात. पहिल्यात द्रव्य मौल्यवान असते, दुसऱ्यात अल्पमोल. पितळ, काचमणी, भाजलेली माती, कापड यांचे दागिने दुसऱ्या प्रकारात येतात. आज अनेक घरांतून, विशेषतः स्त्रियांकडून, असे दागिने होतात.

या दोन प्रकारांच्या अडचणी परस्परविरुद्ध आहेत. मौल्यवान द्रव्याच्या दागिन्यात द्रव्याची किंमत इतकी मोठी असते की घडणीची किंमत तिच्या आड लपते. अल्पमोल द्रव्याच्या दागिन्यात जवळजवळ सारी किंमत घडणीची असते, पण पाठीशी द्रव्य नसल्याने ग्राहक ती किंमत अवास्तव मानतो. मण्यांचे मूल्य ३० रुपये आणि माळेची किंमत ४०० हे गणित त्याला पटत नाही. मधले ३७० रुपये चार तासांच्या कामाचे आहेत हे त्याला दिसत नाही. कारण दोन्हीकडे एकच आहे. घडणीला स्वतःचे सर्वमान्य माप नाही. यापुढचे विवेचन पहिल्या प्रकारापुरते मर्यादित ठेवले आहे, कारण तिथे हा प्रश्न अधिक जुना आणि अधिक गुंतागुंतीचा आहे.

३. घडणीच्या अवस्था

घडणीच्या अवस्था सहा मानता येतात: आटणी, ओढणी, बांधणी, झाळणी, उजळणी आणि गाठवणी. सर्व दागिन्यांना सर्व अवस्था लागत नाहीत.

आटणी म्हणजे मुशीत धातू वितळवून त्याचा कस ठरवणे. शुद्ध सोने मृदू असते. त्याचा दागिना वापरात वाकतो, झिजतो. म्हणून त्यात तांबे व चांदी मिसळतात. २२ कॅरेटमध्ये ११ भाग सोने आणि १ भाग इतर धातू असतात, म्हणजे हजारात सुमारे ९१६ भाग सोने. सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, चांदी ९६२ च्या सुमारास. वितळताना सवागी, म्हणजे टाकणखार, टाकतात. पृष्ठावरील ऑक्साइड त्यात विरघळते आणि रस स्वच्छ राहतो.

ओढणीत धातूची सळई जंतराच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तार करतात. प्रत्येक ओढीबरोबर धातू कठीण होत जातो. काही छिद्रे झाली की तार तापवून मऊ करावी लागते, नाहीतर ती तुटते. केव्हा तापवायची हे हाताला लागणाऱ्या ताणावरून कळते.

बांधणी आणि झाळणी यांवर थोडे अधिक थांबणे योग्य होईल, कारण घडणीचा गाभा तिथे आहे. उदाहरणार्थ पोकळ मण्याचा विचार करू. बोरमाळेचा मणी असा होतो: पातळ पत्र्याची चकती कापायची, अर्धगोल खळग्यांच्या ठोकळ्यावर ठेवून गोल टोकाच्या ठोक्याने वाटी उठवायची. अशा दोन वाट्यांच्या कडा कानशीने सपाट करून एकमेकींवर बसवायच्या. दोहोंच्या मध्ये केसाएवढी फट राहिली तरी पुढे सांधा धरत नाही. वाट्या बारीक तारेने बांधून सांध्यावर सवागीचे पाणी लावायचे आणि त्यावर डाकाचे किंचित तुकडे ठेवायचे. डाक म्हणजे दागिन्याहून कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू. मग फुंकणीने ज्योत सांध्याभोवती फिरवायची. मणी लाल होतो, डाक चमकून क्षणात सांध्याच्या रेषेत पसरतो, आणि त्याच क्षणी ज्योत काढून घ्यावी लागते. एका श्वासाचा उशीर झाला तर डाकाबरोबर पत्राही बसतो आणि मण्याची गोळी होते. कारागिराजवळ तापमापक नसतो; धातूचा रंग आणि डाकाची चमक या दोनच खुणा असतात. पोकळ मण्याला आधी छिद्र ठेवावे लागते, नाहीतर आत कोंडलेली हवा तापून सांधा उकलतो.

दागिन्यात सांधे अनेक असले तर आणखी एक अडचण येते. नवा सांधा झाळताना आधीचा सुटू शकतो. तिचे निवारण दोन उपायांनी होते: प्रथम उच्च तापमानाचा डाक आणि नंतर क्रमाने कमी तापमानाचा वापरणे, किंवा आधीच्या सांध्यांवर मातीचा लेप देणे. सांध्यांचा क्रम ठरवणे हे दागिन्याचे खरे आराखडाशास्त्र आहे, आणि ते कागदावर क्वचितच लिहिलेले असते.

उजळणीत आम्लाने काळेपणा काढून रिठ्याच्या पाण्यात दागिना घासतात. गाठवणी म्हणजे मणी, मोती, पाने दोऱ्यात किंवा तारेत ओवणे. दोऱ्याचे काम परंपरेने पटवेकऱ्याचे. नथ या दृष्टीने स्वतंत्र वर्गात मोडते. मोती आच सहन करू शकत नाही. म्हणून मोती बसू लागल्यावर ज्योतीचा उपयोग संपतो आणि उरलेले सर्व काम थंड तारेने, पिळाने करावे लागते. तार जास्त आवळली तर मोत्याचे छिद्र चिरते, सैल राहिली तर मोती डुगडुगतो. या दोहोंमधले अंतर बोटांनाच कळते.

४. घट आणि तिचे तीन प्रकार

घडणीच्या प्रत्येक अवस्थेत द्रव्य कमी होते. कानशीने कीस पडतो, मुशीत काही अंश चिकटतो, उजळणीत पृष्ठ झिजते. या सर्वाला व्यवहारात एकच शब्द आहे, घट. पण विश्लेषण करता तिचे तीन प्रकार स्पष्ट होतात.

(१) परतीची घट. कारागिराच्या मांडीवर किंवा पाटाखाली कातडे असते, त्यात कीस जमतो. उरलेली धूळ जमिनीवर, शेगडीच्या राखेत, हात धुतलेल्या पाण्यात जाते. सोनाराच्या दुकानातील केर आणि राख विकत घेऊन, धुऊन त्यातून सोने काढणारा झारेकरी हा स्वतंत्र व्यवसाय महाराष्ट्रात होता; केराला किंमत होती याचा याहून वेगळा पुरावा नको. ही घट दागिन्यातून गेली तरी घरातून गेलेली नसते.

(२) खरी घट. काही अंश कायमचा नष्ट होतो. कुशल हातात हा भाग थोडा असतो.

(३) नामधारी घट. ही प्रक्रियेत पडत नाही, केवळ हिशेबात लावली जाते.

तिसऱ्या प्रकाराची उत्पत्ती समजून घेतली पाहिजे. समजा, दागिन्यासाठी ५० ग्रॅम सोने घेतले. दागिना ४८.५ ग्रॅमचा झाला, कातड्यात १.२ ग्रॅम कीस मिळाला आणि ०.३ ग्रॅम खरोखर गेले. ग्राहकाकडून १.५ ग्रॅम घट आकारली तर १.२ ग्रॅम कारागिराकडे राहतात. हे उत्पन्न आहे, पण घडणावळ या नावाने ते मिळालेले नाही. आता प्रश्न असा की कारागीर हे उत्पन्न अशा आडमार्गाने का घेतो? उत्तर घडणावळीच्या दरात आहे. पेढ्यांच्या चढाओढीत घडणावळ उघडपणे वाढवता येत नाही; ग्राहक दर विचारतो आणि पुढच्या दुकानात जातो. घट मात्र तांत्रिक बाब समजली जाते, तिच्यावर घासाघीस कमी होते. म्हणून घडणीचा न मिळालेला मोबदला घटीच्या नावाखाली वसूल होऊ लागला.

प्रस्तुत लेखकाच्या मते या व्यवसायाची सर्वांत मोठी हानी याच सवयीने केली आहे. सोनाराविषयी समाजात जो अविश्वास रूढ झाला त्याचे मूळ इथे आहे. ज्याला आपल्या श्रमाचा दर उघड सांगता येत होता त्याने तो तुटीच्या आड लपवला, आणि मग त्याच्या श्रमावरही कुणी विश्वास ठेवीना. जुन्या काळी नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे आणि पोतदार बहुधा सोनारच असे. ज्या जातिव्यवसायाकडे संपूर्ण गावाने कसाचा निवाडा सोपवला होता, त्याच्याच वजनावर शंका घेतली जावी, हे दुःखद आहे. उपाय सोपा आहे, पण त्याला धैर्य लागते: परतीची घट ग्राहकाच्या नावे जमा दाखवावी, खरी घट प्रत्यक्ष मोजून लावावी, आणि जे श्रमाचे आहे ते श्रमाच्या नावाने मागावे.

५. वजनाचे माप आणि त्याचे खंडन

घडणावळ वजनावर ठरवण्याच्या पद्धती दोन. एकीत दर ग्रॅमला ठरावीक रुपये असतात, दुसरीत द्रव्यमूल्याचे ठरावीक शेकडा प्रमाण. दोन्हींच्या मुळाशी एक गृहीत आहे: वजन वाढले की श्रम वाढतो. हे गृहीत तपासून पाहू.

शुद्ध चांदीच्या १० ग्रॅमची १ मिलिमीटर जाडीची तार काढली तर तिची लांबी सुमारे १.२१ मीटर भरते. तीच चांदी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ओढली तर लांबी चौपट, म्हणजे सुमारे ४.८५ मीटर होते. कारण जाडी निम्मी झाली की छेदाचे क्षेत्रफळ एकचतुर्थांश होते. वजन तेच राहिले. पण जंतराची छिद्रे वाढली, तापवण्याच्या खेपा वाढल्या, आणि या तारेच्या कड्या वळायच्या तर कड्यांची संख्या वाढली.

मण्यांत हा फरक आणखी तीव्र होतो. मण्याचा व्यास निम्मा केला आणि पत्राही त्याच प्रमाणात पातळ घेतला, तर एका मण्याचे वजन एकअष्टमांश होते. तेवढ्याच वजनात एका मण्याऐवजी आठ मणी होतात, एका सांध्याऐवजी आठ सांधे झाळावे लागतात. शिवाय पातळ पत्रा लवकर बसत असल्याने वाया जाणारे मणीही अधिक. म्हणजे वजन स्थिर ठेवून काम जितके बारीक करावे, तितका श्रम वाढत जातो आणि घडणावळ तिथेच राहते. ठुशी किंवा जोंधळी पोत यांसारख्या बारीक मण्यांच्या दागिन्यांत आणि भरीव गोठात वजनाचा एकच दर लावला, तर गोठ घडवणारा सुखी आणि ठुशी घडवणारा दरिद्री होणार. गृहीत खोटे ठरले इतकेच नव्हे, तर ते बहुधा उलटे आहे: कौशल्य वाढते तसे वजन घटते.

आता दोन पद्धतींची तुलना करू. १० ग्रॅमचा भाव ५०,००० रुपये असताना ग्रॅमला ५०० रुपये घडणावळ आणि शेकडा १० घडणावळ यांत फरक नाही. भाव दुप्पट होऊन १,००,००० झाला. ग्राहकाजवळ सोन्यासाठी तेवढीच रक्कम आहे, म्हणून तो २० ग्रॅमऐवजी १० ग्रॅमचा हार मागतो, पण दिसायला पूर्वीएवढाच भरघोस. शेकडा पद्धतीत घडणावळ १०,००० रुपयेच राहते, ग्रॅमच्या पद्धतीत ती ५,००० होते. आणि काम? तेवढ्याच आकाराचा हार निम्म्या वजनात करायचा म्हणजे पत्रा पातळ, सांधे नाजूक, जोखीम अधिक. शेकडा पद्धतीत वाढलेल्या श्रमाला जुनाच मोबदला मिळतो, ग्रॅमच्या पद्धतीत त्याचाही अर्धा. भाववाढीच्या काळात शेकडा पद्धत कारागिराला तुलनेने बरी, पण भाव उतरले की तीच त्याला बुडवते, आणि भावाशी त्याच्या कामाचा काहीच संबंध नसतो.

तेव्हा घडणीचे योग्य माप कोणते? सर्वांत थेट माप वेळ हे आहे. पण एकाच दागिन्याला नवशिक्याला सहा दिवस लागतात आणि मुरलेल्या हाताला तीन, म्हणून निव्वळ वेळ मोजणे म्हणजे संथपणाला बक्षीस देणे होईल. सांध्यांची संख्या हे दुसरे माप. ते मोजता येते, ग्राहकाला दाखवता येते, आणि श्रम व जोखीम या दोहोंशी त्याचे नाते बरेच निश्चित आहे. गाठवणीत सांध्यांऐवजी ओवलेल्या नगांची संख्या धरावी. या संख्येवरून प्रत्येक दागिन्याचा नगावर दर ठरवावा असे सुचवावेसे वाटते. नथीच्या बाबतीत व्यवहाराने हे आधीच मान्य केले आहे. तिच्यातील सोने इतके थोडे असते की वजनाचा दर लावणे अशक्य झाले, म्हणून ती नगावर विकली जाते.

६. कुटुंबाची रचना

हुपरी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातले गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, त्यातही पैंजणांसाठी, प्रसिद्ध आहे. तिथे उत्पादनाचे घटक घरोघर विभागलेले आढळतात. एका घरी तार, दुसऱ्या घरी कड्या, तिसरीकडे जोडणी, आणखी कुठे घुंगरू. चांदी वजनाने घरात येते, काम होऊन वजनाने परत जाते, मजुरी बहुधा किलोवर ठरते. या रचनेचा लाभ असा की घराला भांडवल लागत नाही. तोटा असा की प्रत्येक घर एका अवस्थेपुरते उरते. संपूर्ण पैंजण घडवण्याचे ज्ञान एका घरात साठत नाही आणि दर ठरवण्याचे बळ चांदी देणाऱ्याकडे राहते.

याच्या उलट टोकाला सर्व अवस्था एकाच घरात असलेले कुटुंब असते. तिथे विभागणी वयानुसार होते. ज्येष्ठ माणूस आटणी व झाळणी करतो, तरुण ओढणी आणि बांधणी, स्त्रिया प्रायः गाठवणी, आणि ग्राहकाशी बोलणेही. हिशेबात गाठवणीचा श्रम सहसा धरला जात नाही, कारण तो ‘घरातला’ असतो. ही शास्त्रीय दृष्ट्या चूक आहे. ज्या श्रमाचा दर लावला नाही तो दागिन्याच्या किमतीतही उतरत नाही, आणि त्या घरातली स्त्री आजारी पडली की गाठवणीसाठी बाहेर पैसे मोजावे लागतात व दागिना तोट्यात गेल्याचे प्रथमच कळते.

निवास आणि काम एकत्र असण्याचा आणखी एक परिणाम सांगितला पाहिजे. डाकात कॅडमिअम मिसळण्याची पद्धत ‘केडीएम’ या नावाने काही काळ लोकप्रिय होती, कारण सोन्याचे प्रमाण ९२ टक्क्यांवर राखूनही तो डाक सहज वितळे. पण कॅडमिअम ७६७ अंशाला उकळते, म्हणजे झाळणीच्या आचेत त्याची वाफ होते, आणि ती वाफ फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक आहे. कारखान्यात ती एका कामगाराला बाधते. घरात त्याच खोलीत मूल झोपलेले असते. असा डाक घरातून पूर्णतः हद्दपार असावा, आणि शेगडीवर धूर बाहेर नेणारी सोय असावी, याविषयी दुमत संभवत नाही.

तिसऱ्या लक्षणाकडे, एका तिजोरीकडे, वळू. द्रव्य आणि पैसा एकत्र ठेवल्यास कुटुंबाला आपण श्रीमंत झालो की गरीब हे कळत नाही. एक हार विकला, पाच लाख आले, त्यातून शाळेची फी आणि घराचा हप्ता गेला. पुढच्या महिन्यात तेवढे सोने घ्यायला जावे तर पैसे पुरत नाहीत. यासाठी दोन वह्या असाव्यात. पहिली ग्रॅमची: त्यात सोने आले किती, गेले किती, कीस किती, एवढेच. दुसरी रुपयांची: त्यात घडणावळ आणि खर्च. विकलेल्या वजनाएवढे सोने त्याच दिवशी विकत घेतले, तर पहिली वही भावाच्या चढउताराने हलत नाही, आणि घरखर्च केवळ दुसऱ्या वहीतून होतो. हा नियम पाळणारे घर भाव कोसळला तरी उभे राहते.

द्रव्य आणि घडण यांचा भेद किती कठोर असू शकतो हे १९६३ ने दाखवले. चीन युद्धानंतर, ९ जानेवारी १९६३ पासून, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले आणि १४ कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. ज्याच्याजवळ सोने होते त्याचे सोने नष्ट झाले नाही. ज्याच्याजवळ केवळ घडण होती त्याचे काम थांबले. कारागीर कुटुंबे देशभर देशोधडीला लागली. १४ कॅरेटची अट पुढे मागे घेतली गेली, परंतु १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याचा अंमल तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत चालू होता. तेवढ्या काळात ज्या घरांतून मुले अन्य नोकऱ्यांत गेली, तिथे ती परतली नाहीत.

७. विक्री

विक्रीचे प्रकार तीन. मजुरीच्या घडणीत द्रव्य दुसऱ्याचे असते. फरमाशी घडणीत ग्राहक आधी सांगतो. तयार मालात कुटुंब स्वतःच्या सोन्याचा दागिना आधी घडवते व नंतर ग्राहक शोधते. पहिल्यात भांडवल शून्य आणि दर परस्वाधीन, तिसऱ्यात भांडवल अडकलेले. लहान घराला मधला प्रकार सर्वांत अनुकूल आहे, कारण ग्राहक आगाऊ रक्कम देतो आणि घडणीविषयी बोलणे आधी होते.

जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. पुढे जिल्हे वाढले, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख असल्याविना हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. कसाविषयीचा अविश्वास यामुळे मोठ्या प्रमाणात मिटला, आणि हे प्रामाणिक घराच्या हिताचेच आहे. वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्यांना या सक्तीतून सूट देण्यात आली. परंतु उलाढालीत द्रव्य मोजले जाते. १० ग्रॅमचा भाव १ लाख धरला तर वर्षाला ४०० ग्रॅम विकणारे घर ही मर्यादा गाठते. शेकडा १० घडणावळ धरल्यास त्या घराचे उत्पन्न ४ लाख, तेही खर्च वजा जाण्यापूर्वी. नियमाच्या दृष्टीने ४० लाखांचा व्यापारी आणि ४ लाखांत संसार चालवणारे कुटुंब हे एकच आहेत. वजनाने केलेले मापन इथे पुन्हा घडणीला झाकून टाकते.

बारीक कामाला हॉलमार्कची आणखी एक अडचण आहे. डाकाचा कस दागिन्याहून कमी असतो. सांधे जितके अधिक, तितका डाक अधिक, आणि संपूर्ण दागिन्याचा सरासरी कस खाली येतो. म्हणून शेकडो सांध्यांच्या दागिन्यासाठी मूळ सोने किंचित अधिक कसाचे घ्यावे लागते. हा खर्चही घडणीचाच भाग आहे.

मोबाइलवर चित्र पाठवून विक्री करण्याची रीत आता लहान घरांनी स्वीकारली आहे. तिच्यातला एक गुण लक्षात घ्यावा. चित्रात वजन दिसत नाही, घडण दिसते. पेढीवर दागिना आधी तराजूत पडतो. चित्रात तो आधी डोळ्यांपुढे येतो, आणि म्हणून नगावरचा दर तिथे अधिक सहज स्वीकारला जातो. नमुन्याची नक्कल होण्याचा धोका अर्थातच आहे.

८. मोड आणि दुरुस्ती

ग्राहकाचा एक आक्षेप सबळ आहे आणि त्याला टाळता येणार नाही. तो म्हणतो, मोडीच्या वेळी मला सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत. मग मी ती का द्यावी? वस्तुस्थिती तशीच आहे. दागिना मुशीत पडला की द्रव्य जवळजवळ पूर्ण परत येते आणि घडण शून्य होते. ज्या वस्तूचा अंत मुशीत ठरलेला आहे, तिच्या घडणीला कमी लेखणे तर्काला धरून आहे.

पण हा तर्क एका अनुच्चारित गृहीतावर उभा आहे: दागिना जुना झाला की मोडायचा. यंत्राच्या दागिन्याबाबत ते खरे आहे, कारण त्याचा तुटलेला भाग सहसा वेगळा करता येत नाही. हस्तघडित दागिन्याचे सांधे मात्र एकेक करून केलेले असतात आणि एकेक करून उघडता येतात. ज्या घराने तो घडवला त्या घराला त्यांचा क्रम ठाऊक असतो.

नथ पुन्हा घेऊ. पन्नास वर्षांच्या वापराने तिची तार झिजते, मोत्यांची छिद्रे रुंदावतात, एखादा मोती निखळतो. अशी नथ दुरुस्तीला आली की कारागीर प्रथम तिचे चित्र घेतो. मग तारेचे पीळ एकेक उलटे सोडवून मोती पांढऱ्या कापडावर ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने मांडतो. मोठा खाली, त्याखालोखालचे दोन्ही बाजूंना. छिद्र रुंदावलेल्या मोत्याला किंचित जाड तार लागते, म्हणून प्रत्येक मोत्यासाठी तार वेगळी निवडावी लागते. नवे सोने अर्धा ग्रॅम लागते, काम दोन दिवसांचे होते. या दुरुस्तीच्या बिलावर सोन्याची ओळ आधी असते आणि ती लहान असते. तिच्याखाली घडणावळीची ओळ येते, वजनाचा दर न लावता लिहिलेली, आणि जी सून सासूची नथ घेऊन आलेली असते ती त्या ओळीवर घासाघीस करीत नाही.